जॉर्ज मॅलरी : एव्हरेस्टवर गेलेला शिक्षक

७ जून म्हटलं की आपल्या कोडोलीत काय आठवतं? मृग! पेरणीची घाई, आभाळाकडे लागलेले डोळे. पण हाच दिवस १९२२ साली एव्हरेस्टवर सात माणसांचा शेवटचा दिवस ठरला. मॅलरीची गोष्ट वर्गात सांगताना ही सात माणसं बहुतेक वेळा गळून जातात, म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

जॉर्ज मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधल्या मॉबर्ली गावी झाला. वडील धर्मोपदेशक. विंचेस्टरच्या शाळेत असताना ग्रॅहम आयर्विंग नावाच्या शिक्षकाने त्याला आल्प्स पर्वतात नेलं आणि डोंगराचं वेड लागलं ते कायमचं. (एक शिक्षक काय करू शकतो बघा!) केंब्रिजला इतिहास शिकून १९१० पासून तो चार्टरहाउस शाळेत शिकवू लागला. पुढे प्रसिद्ध झालेले कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे तिथलेच त्याचे विद्यार्थी. १९१४ मध्ये रूथ टर्नरशी लग्न झालं, पुढे तीन मुलं. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता.

१९२१ साली नोकरी सोडून तो एव्हरेस्टच्या पहिल्या पाहणी मोहिमेवर गेला. नेपाळची वाट तेव्हा बंद होती, म्हणून दार्जिलिंगहून तिबेटमार्गे जावं लागे. १९२२ च्या दुसऱ्या मोहिमेत मे महिन्यात मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय ८२०० मीटरच्या वर पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणीच गेलं नव्हतं.

आता तिसऱ्या चढाईकडे या. जून उजाडला होता. आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या मोसमी वाऱ्यांचीच बंगालच्या उपसागराकडची शाखा तिकडे बर्फ टाकते. वादळ होऊन ताजा बर्फ साचला. मग आभाळ मोकळं झालं आणि इथंच माणूस फसतो! वादळ थांबलं म्हणजे धोका टळला असं वाटतं, पण नवा थर जुन्या टणक बर्फाला अजून धरलेला नसतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर चालणाऱ्याच्या वजनानेसुद्धा तो सुटतो. वर्गात दाखवायचं असेल तर पाटावर साखर पसरा, त्यावर पीठ हलकेच दाबून बसवा आणि पाट हळूहळू तिरका करा. पिठाचा थर अख्खाच्या अख्खा घसरत येतो.

नॉर्थ कोल खिंडीखालचा उतार त्यांनी पाय देऊन तपासला होता, पक्का वाटला होता. पुढे मॅलरी, सॉमरव्हेल, क्रॉफर्ड आणि एक हमाल एका दोरात, मागे तीन दोरांत तेरा हमाल. दुपारी बर्फाची दरड सुटली. पुढचे चौघे घसरले, पण वर निघाले. त्यांच्यामागचा दोरही थोडक्यात वाचला. शेवटचे दोन दोर, म्हणजे नऊ जण, बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेत पडले. सहकाऱ्यांनी हातांनी बर्फ उकरून दोघांना जिवंत काढलं. सात गेले. त्यांच्या सोबत्यांच्या इच्छेनुसार त्यांना तिथेच ठेवलं आणि खाली दगड रचून त्यांची आठवण उभारली.

ते सातही जण पाठीवर दुसऱ्यांचं ओझं घेऊन चालत होते. हा उतार चढायचा की नाही हे ठरवणारे ते नव्हते. मॅलरीला हे कळत होतं; पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याने दोष स्वतःकडे घेतला. माझ्या मते त्याच्या चरित्रातला हा भाग शिखराच्या गोष्टीइतकाच शिकवायला हवा. एकही इंग्रज मेला नाही याचं सॉमरव्हेलला फार लागलं. पुढे हा डॉक्टर दक्षिणेत त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं राहिला. १९२४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी या मोहिमेला पदकं दिली गेली. त्यांत या सातांचीही होती.

१९२४ ला मॅलरी पुन्हा गेला. ८ जूनला, म्हणजे पुन्हा मृगातच, तो आणि २२ वर्षांचा अँड्र्यू आयर्विन (वरच्या शिक्षकांशी याचा संबंध नाही) शिखराकडे निघाले. दुपारी ओडेलला ढगांच्या फटीतून ते दिसले, आणि मग कधीच नाही. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी ८१५५ मीटरच्या आसपास सापडला. काळा चष्मा खिशात होता, म्हणून उन्हं गेल्यावर तो उतरत असावा असा काहींचा तर्क आहे. शिखरावर पोहोचला होता का, हे मुलं हमखास विचारतात. सॉमरव्हेलने त्यांना दिलेला कॅमेरा अजून मिळालेला नाही.