रुपया पडला, खिसा कुणाचा फाटला?

डॉलर वधारला की परदेशी शिकायला निघालेल्या तुमच्या मित्राचं तोंड उतरतं. निर्यातदार मात्र खूश! मग रुपया पडला तर भलं कुणाचं? शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक मराठी विद्यार्थी याच प्रश्नामागे लागला होता. भीमराव आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून तुम्ही त्यांना ओळखता, पण त्यांचं पहिलं प्रेम अर्थशास्त्र.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबियाला गेले, तिथून 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. सामानातली पुस्तकं टॉर्पेडो लागलेल्या जहाजाबरोबर बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं.

विषय निवडला रुपयाचा. आपला रुपया चांदीचा, इंग्रजांचा पौंड सोन्याचा. 1873 नंतर चांदी घसरत गेली, तसा रुपयाही. पौंडात चुकवायची देणी फुगली, तेव्हा सरकारनं 1893 मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि पुढे रुपया 1 शिलिंग 4 पेन्सला बांधला. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञानं ही व्यवस्था वाखाणली होती. आंबेडकरांना ती पटेना. सरकार हवे तेवढे रुपये पाडू शकतं, मग भाव चढतात. मजुरी मात्र मागेच रेंगाळते. म्हणजे स्वस्त रुपयावर व्यापाऱ्याला होणारा नफा मजुराच्या ताटातूनही येतो! नाणी पाडण्यावरच पक्की मर्यादा हवी, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षकांनी प्रबंध सुधारायला परत पाठवला. तो पुन्हा लिहून 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली, पुस्तकही निघालं. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी सगळं पटत नसतानाही प्रस्तावना लिहिली. (असे गाइड आज मिळतील?)

1925 मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. याच आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, 1935 मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती बाबासाहेबांनीच काढली, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. गोष्ट इतकी सरळ नाही. साक्षीत त्यांचा रोख दुसरीकडेच होता: दर ठरवताना व्यापाऱ्याबरोबर रोजंदारीवाल्याचाही हिशेब मांडा.