२८२ गुणांचा विद्यार्थी

हातखंबा (जि. रत्नागिरी) : मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी शहराचा रस्ता जिथे मिळतो, तो हातखंब्याचा तिठा. एक वाट मुंबईला, एक गोव्याला आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. दहावी-बारावीचे निकाल लागले की या पंचक्रोशीतील अनेक घरांत एकच प्रश्न घोळू लागतो. घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. मग आपल्या मुलाला मोठ्या, नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळेल का? गुणपत्रिकेवरील टक्केवारी पाहून बहुतेक जण उत्तर ठरवूनही टाकतात. याच जिल्ह्यात मूळ गाव असलेल्या एका विद्यार्थ्याचे आयुष्य मात्र हे उत्तर इतक्या घाईने देऊ नये, असे सांगते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात आंबडवे हे गाव आहे. तेथील सकपाळ कुटुंबातील रामजी मालोजी हे लष्करात सुभेदार होते. त्यांच्या पत्नी भीमाबाई. या दांपत्याचे चौदावे अपत्य, भीमराव, १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यामुळे घरात अक्षर होते, वाचन होते, शिस्त होती. नव्हते ते विद्यापीठ. पदवी म्हणजे काय, ती कशी मिळवतात, हे सांगू शकेल असे घरात कोणी नव्हते. त्यात ज्या जातीत जन्म झाला तिला शाळेच्या वर्गातही सर्वांबरोबर बसण्याची मुभा नव्हती.

निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीत राहिले, मग साताऱ्यास गेले. भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच झाले आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे आणि पाणी स्वतःच्या हाताने घेता येत नसे. पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत संसार, स्वयंपाक आणि अभ्यास सारे चाले. रामजी मुलाला रात्री लवकर झोपवीत, पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवीत आणि मग स्वतः त्या जागेवर अंग टाकीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. दोन मुलांना शिकविणे परवडेना, तेव्हा थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली. एका मुलाच्या शिक्षणासाठी सारे घर असे कामाला लागले होते.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी गुण मिळाले २८२, म्हणजे ३८ टक्क्यांहूनही थोडे कमी. त्या काळी मॅट्रिक होणेच दुर्मीळ होते, हे खरे. तरीही केवळ हा आकडा समोर ठेवला असता तर परदेशातील कोणत्याही नामांकित विद्यापीठात या मुलाला किती संधी आहे, असे विचारल्यावर जाणकारांनीही मान हलवली असती. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली होती, हे त्या गुणपत्रिकेवर कुठेच लिहिलेले नव्हते. डबक चाळीतील ती खोलीही तिच्यावर दिसत नव्हती.

ते सारे पाहू शकणारी माणसे मात्र भेटली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले होते. मॅट्रिकनंतरच्या सत्कारसभेत त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे पैशाअभावी महाविद्यालयीन शिक्षण अडले, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत हे प्रकरण नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. पण लगेच २ फेब्रुवारीला रामजींचे निधन झाले. मुलाच्या पुढच्या यशाचे दर्शन त्या पित्याला घडले नाही.

सयाजीराव तेव्हा काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविणार होते. त्यांत भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर बडोद्याची दहा वर्षे सेवा, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे त्यांनी किती अभ्यासक्रम घेतले याची नोंद थक्क करणारी आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि त्याखेरीज तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्रही. १९१५ मध्ये एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरील निबंध त्यांनी वाचला, तो आजही अभ्यासला जातो. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. लंडनला निघताना सेलिग्मन यांचे शिफारसपत्र त्यांच्याजवळ होते.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे मिळाले, असे मात्र नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास १९१७ मध्ये अर्धा सोडून परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली, एवढाच धीर होता. बडोद्यात उच्च पदावर रुजू होऊनही राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी एकदा परत पाठविला. तो सुधारून दिल्यावर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. रीतसर मिळायला तर १९२७ साल उजाडले.

हा विद्यार्थी पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. तुलनेने कमी बोलले जाते ते त्याच्या दुसऱ्या कामाविषयी. कोकणातील कुळांना जखडणारी खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले. शेतात राबणाऱ्या घरातील मूल शाळेत पोहोचायचे तर आधी घराच्या मानेवरचे जू उतरायला हवे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू झाले. स्वतःला जे दार अपवाद म्हणून उघडले, ते इतरांसाठी नियम म्हणून उघडे राहावे, हा त्यामागचा विचार होता. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या प्रवेशअर्जात आई-वडील किती शिकले, हे विचारले जाते. विद्यार्थी कुठे पोहोचला याबरोबरच तो कुठून निघाला, हेही पाहिले पाहिजे, ही जाण त्यामागे आहे. पण नुसत्या जाणिवेने भागत नाही. या आयुष्याचा हिशेब मांडला तर बुद्धी आणि कष्ट ही एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला रामजी, आनंदराव, केळुसकर, सयाजीराव, शाहू महाराज आणि भथेना उभे दिसतात. यांतला एक जण जरी गळला असता तरी वाट कुठेतरी तुटली असती. त्या काळी असे किती भीमराव अर्ध्या वाटेवरून मागे फिरले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

म्हणून हातखंब्याच्या तिठ्यावर गुणपत्रिका घेऊन उभ्या असलेल्या मुलाला प्रवेश मिळेल का, हा प्रश्न एकट्या त्या मुलाला विचारून चालणार नाही. त्याच्यासाठी केळुसकर कोण होणार, हेही आपण स्वतःला विचारायला हवे.