अऱ्हेनियस : खालच्या श्रेणीचा प्रबंध

जमाखर्चात रमणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण निकालाच्या दिवशी ज्याचे तोंड कधीच उतरले नाही असा विद्यार्थी विरळाच. म्हणूनच स्वान्ते अऱ्हेनियस मला जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्सालाजवळ विक येथे झाला. वडील जमीन मोजणीच्या कामात होते. उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान होईना, तेव्हा १८८१ साली ते स्टॉकहोमला एडलुंड यांच्या हाताखाली काम करू लागले.

तेथे त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. कोरडे मीठ वीज वाहू देत नाही, शुद्ध पाणीही जवळजवळ देत नाही. मग मिठाचे पाणी कसे देते? वीज सोडल्यावरच मिठाचे घटक सुटे होतात, अशी तेव्हाची समजूत होती. अऱ्हेनियस यांच्या संशोधनातून निघालेले उत्तर वेगळे होते. मीठ विरघळताच त्यातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. विजेची ते वाट पाहत नाहीत.

या संशोधनाचा फ्रेंच भाषेतील प्रबंध त्यांनी १८८४ साली उप्सालात सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही. खालची श्रेणी मिळाली आणि अध्यापकपदाची वाट बंद होण्याची वेळ आली. पण त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी विद्वानांना पाठवल्या. रीगाचे ओस्टवाल्ड त्याच वर्षी स्वतः उप्सालाला आले व त्यांनी नोकरी देऊ केली. मग उप्सालानेही अध्यापकपद दिले!

पुढे प्रवासवृत्तीवर त्यांनी रीगा, वुर्ट्सबुर्ग, ग्रात्स, ॲमस्टरडॅम येथे काम केले; त्याच काळात, १८८७ साली, त्यांनी सिद्धांत पूर्ण रूपात मांडला. पाण्यात पडताच पेट घेऊ शकणारा सोडियम मिठाच्या पाण्यात शांत कसा, असे विरोधक विचारीत. भारित सोडियमचे गुण धातूहून निराळे असतात, हे त्याचे उत्तर. १९०३ साली अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश होत. २ ऑक्टोबर १९२७ रोजी ते निवर्तले.

त्यांचा सिद्धांत तीव्र क्षारांच्या द्रावणांना नीट लागू पडेना. १९२३ साली डेबाय व ह्युकेल यांनी त्यात भर घातली. आज लिथियम धातूच्या बॅटरीवर काम करणाऱ्यांपुढेही आयनांचाच प्रश्न आहे. बॅटरी भारित होताना लिथियम सारखे न बसता सुईसारखे वाढते, शिवाय द्रावणाशी त्याची क्रिया होऊन दोन्ही झिजतात. म्हणून क्षार आणि द्रावक बदलून बॅटरीचे आयुष्य वाढवण्याची खटपट चालू आहे.

परीक्षकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्यांच्या हातातील मापात तो प्रबंध मावला नाही, इतकेच. मित्रहो, श्रेणी आली म्हणून हिशेब मिटत नाही. अऱ्हेनियस यांनी त्या निकालानंतर प्रबंध पेटीत ठेवला नाही, तो टपालात टाकला.