विकेट हव्या होत्या, कर्णधार नको होता

भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज कोण, असे विचारले तर आपल्या वस्तीत रोज बॅट-बॉल घेऊन फिरणाऱ्या मुलांनाही बाळू पालवणकर हे नाव आठवत नाही. हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायलाच हवा.

धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात आले. आधी पारशांच्या आणि मग १८९२ च्या सुमारास इंग्रजांच्या क्लबमध्ये मैदान झाडणे, रोलर फिरवणे, जाळी लावणे हे त्यांचे काम होते. पगार महिना तीन-चार रुपये. तिथेच ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देत असे, असे सांगतात. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते, म्हणून या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला संघात घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे.

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे त्यांचे नाव पुढे येई आणि निवड समिती सवर्ण खेळाडूला कर्णधार करी. कारण उघड होते. विकेट घेणारा हात चालत होता, हुकूम देणारा चालत नव्हता.

१९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला आणि जाहीर निवेदन काढून जातीचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. व्यवस्थापनाला माघार घ्यावी लागली. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. हक्काचे कर्णधारपद घरात आले ते १९२३ मध्ये, विठ्ठल यांच्या रूपाने. त्या वर्षी हिंदू संघ जिंकला.

बाळूंच्या आयुष्याची दुसरी बाजूही आपण लपवू नये. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी हरले. ज्यांनी त्यांना आयुष्यभर कर्णधार होऊ दिले नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांवर त्यांनी विश्वास ठेवला. हा निर्णय आम्हाला पटत नाही. पण तेवढ्यावरून त्यांना इतिहासातून पुसून टाकले, तर निवड समितीचेच काम आपण पुरे करू. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आजही आपल्या गुणी मुलामुलींना संघात, कार्यालयात, पक्षात जागा मिळते आणि टाळ्याही मिळतात. पण निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर कोण बसते? आपण हे मोजले पाहिजे. पालवणकरांच्या घराने दोन गोष्टी दाखवून दिल्या: नुसत्या गुणवत्तेने ती खुर्ची मिळत नाही, आणि भाऊ भावाच्या पाठीशी उभा राहिला तर समितीलाही झुकावे लागते.

जय भीम!