आसनांना दाबमापक लावणारे स्वामी कुवलयानंद

नौली करताना पोटाचे स्नायू घुसळल्यासारखे फिरतात, हे हठयोग्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्या वेळी पोटाच्या आत काय होते? हा प्रश्न जगन्नाथ गणेश गुणे यांनी प्रयोगशाळेत नेला. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले.

जन्म १८८३ चा. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले, तर परमहंस माधवदासजींकडे योगाचे. अमळनेरला त्यांनी अध्यापनही केले. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीचे क्ष-किरण प्रयोग केले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले.

श्वास पूर्ण सोडून छाती फुगवली, की श्वासपटल वर खेचले जाते आणि पोटातील दाब घटतो. नौलीत तर मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. बस्तीत पाणी आत ओढले जाते, ते यामुळेच. या पोकळीला त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ माधवदास निर्वात असे नाव दिले.

मोजमाप श्रद्धेच्या विरोधात गेले, तरी ते त्यांनी मान्य केले. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही पक्का होता. प्राणायामाचे खरे मोल त्यात नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. स्वतः योगाचा प्रसार करणाऱ्याला हे सांगणे सोपे नव्हते.

शीर्षासन, सर्वांगासनात रक्तदाब किती बदलतो, हेही त्यांनी तपासले. म्हणूनच त्यांच्या आसनांच्या पुस्तकात कृतीबरोबर इशारेही आहेत. रक्तदाब जास्त असेल किंवा कान वाहत असेल, तर शीर्षासन टाळावे, हा त्यांतलाच एक. औषधाप्रमाणे व्यायामालाही मात्रा आणि पथ्य असते, हा विचार त्यामागे होता. शाळांसाठी त्यांनी यौगिक संघ व्यायाम रचला. डॉ. विनेकरांसोबत लिहिलेले त्यांचे योगोपचारावरील पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

नांदेड-लातूरच्या मैदानांवर आज पहाटे योगवर्ग भरतात. शेजारी करतो म्हणून आपणही शीर्षासनाला पाय वर टाकण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा, वैद्यकीय सल्ला घ्यावा. स्वामीजींच्या कामातून घ्यायचा धडा हाच आहे.