सातासमुद्रापार गेलेले श्रावक : श्री. वीरचंद राघवजी गांधी

परदेशगमन ही आज आपल्या समाजात कौतुकाची गोष्ट झाली आहे. मुलगा वा मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाली की सारे कुटुंब निरोपाला विमानतळावर लोटते. सुमारे एकशे तीस वर्षांपूर्वी मात्र समुद्र ओलांडणाऱ्या श्रावकाला संघात ठेवावे की नाही, यावर मुंबईच्या जैन समाजात मोठे वादळ उठले होते. ते ज्यांच्या निमित्ताने उठले, ते श्री. वीरचंद राघवजी गांधी.

वीरचंदभाईंचा जन्म सौराष्ट्रातील महुवा येथे २५ ऑगस्ट १८६४ रोजी झाला. महुवा व भावनगर येथे शिक्षण घेऊन ते मुंबईस आले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. दुसऱ्याच वर्षी 'जैन असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेने या एकवीस वर्षांच्या तरुणाला आपले मानद चिटणीस नेमले. इंग्रजी विद्येचा उपयोग नोकरीसाठी करण्याचा तो काळ. वीरचंदभाईंनी ती विद्या प्रथम तीर्थरक्षणाच्या कामी लावली. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कराबाबत पालिताणा संस्थानाशी जुना तंटा चालू होता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे व काठेवाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्याकडे त्यांनी चिकाटीने बाजू मांडली. अखेर १८८६ साली तडजोड होऊन वार्षिक १५,००० रुपये ठोक रक्कम ४० वर्षांसाठी ठरली आणि यात्रेकरूंची डोईपट्टीतून सुटका झाली.

त्यांच्या स्वभावाची खरी ओळख मात्र सम्मेदशिखरजीच्या प्रकरणात पटते. बोडम नावाच्या इंग्रजाने १८९१ च्या सुमारास त्या पवित्र पहाडावर डुकरांच्या चरबीचा कारखाना काढला. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर कत्तलखाना! खालच्या न्यायालयात दाद लागली नाही. तेव्हा वीरचंदभाई कलकत्त्यास गेले. जुने दस्तऐवज बंगालीत आहेत असे दिसताच ते तेथे राहून बंगाली शिकले, कागदपत्रे स्वतः वाचून त्यांचे भाषांतर केले आणि अपील जिंकूनच परतले. हे तीर्थ दिगंबर-श्वेतांबर उभयतांचे आहे. तेव्हा त्या यशाबद्दल दोन्ही आम्नायांनी त्यांचे ऋण मानले पाहिजे.

पुढे शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य श्री विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराज यांना आले. पादविहारी साधूला जहाजाचा प्रवास वर्ज्य. महाराजांनी आचाराचा नियम मोडला नाही आणि निमंत्रणही वाया जाऊ दिले नाही. त्यांनी वीरचंदभाईंना जवळ बोलावून जैन दर्शनाचा कसून अभ्यास करविला व आपले प्रतिनिधी म्हणून धाडले. एका पंचमहाव्रतधारी आचार्यांनी त्या काळी हा निर्णय घ्यावा, याचे नवल आजही वाटते.

सप्टेंबर १८९३ मध्ये परिषद भरली तेव्हा वीरचंदभाई एकोणतीस वर्षांचे होते. डोक्याला काठेवाडी पगडी, मुखी अस्खलित इंग्रजी. जैन तत्त्वज्ञान व आचारधर्म त्यांनी पाश्चात्त्य श्रोत्यांना समजेल अशा भाषेत मांडला. परिषदेत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदू समाजाच्या नीतिमत्तेवर कठोर टीका केली. ती टीका जैनांवर नव्हती, गप्प बसता आले असते. तरीही ते उभे राहिले आणि आपल्या शेजारधर्माची बाजू त्यांनी समर्थपणे मांडली.

परिषदेनंतर बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांतून त्यांची व्याख्याने झाली. विषय केवळ जैन दर्शन नव्हता. योग, आहार, भारतीय स्त्रियांची स्थिती, इतकेच काय संमोहनविद्येवरही ते बोलत, कारण तेथील श्रोत्यांना त्याची उत्सुकता होती. आहाराच्या बाबतीत मात्र त्यांनी कोणतीही सवलत घेतली नाही. तेथील कडाक्याच्या थंडीतही हा गृहस्थ केवळ शाकाहारावर राहतो, याची नोंद खुद्द स्वामी विवेकानंदांनी आपल्या एका पत्रात कौतुकाने केली आहे.

मायदेशी परतल्यावर स्वागताबरोबर विरोधही वाट्याला आला. समुद्रगमनाने धर्म बुडाला, त्यांना संघाबाहेर काढावे, अशी मागणी काहींनी केली. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी उभे होते. पण महाराजांचा १८९६ साली स्वर्गवास झाला आणि तो आधारही गेला. वीरचंदभाई कडवटपणा न धरता त्याच वर्षी पुन्हा अमेरिकेस निघाले, या वेळी पत्नी जीवीबाई व मुलगा मोहन यांना बरोबर घेऊन. बहिष्काराची भाषा चालू असताना सहकुटुंब जाणे याला काय धैर्य लागले असेल! जीवीबाईंच्या धैर्याबद्दल तर कोठेच फारसे लिहिले गेलेले नाही. त्या सुमारास भारतात भीषण दुष्काळ पडला. वीरचंदभाईंनी अमेरिकेत मदत समिती उभी करून मक्याने भरलेले जहाज व सुमारे ४०,००० रुपये मायदेशी धाडले. ते धान्य खाणाऱ्यांत जैन किती, याचा हिशेब त्यांनी केला नाही.

इंग्लंडमध्ये त्यांची व्याख्याने ऐकून हर्बर्ट वॉरन नावाच्या इंग्रज गृहस्थाने मांसाहार सोडला व श्रावकाची व्रते स्वीकारली. पुढे वीरचंदभाईंच्या शिकवणीच्या टिपणांवरून वॉरन यांनी जैन धर्मावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो पाहण्यास मात्र गुरू हयात नव्हते. अतिश्रमाने प्रकृती ढासळून १९०१ साली ते भारतात परतले आणि ७ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. सदतीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अठरा दिवस उरले होते.