अकराव्या होलवर सोडलेला डाव

गेल्या महिन्यात आमच्या वक्तृत्व स्पर्धेत प्रथम वर्षाचा एक मुलगा चौथ्या मिनिटाला अडखळला. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि सरळ दाराबाहेर निघून गेला. त्याला पुढच्या वर्षी भाग घेऊ द्यायचा की नाही, यावर शुक्रवारी मंडळाची बैठक आहे. बंदी घाला म्हणणारे जास्त आहेत. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॉलेजात मी अगदी हेच केलं होतं, हे समितीत कुणाला ठाऊक नाही. आता होईल.

म्हणून बॉबी जोन्सविषयी लिहितेय. आमच्या घरात गोल्फ कुणी खेळलेलं नाही, पण आजोबा तरुणपणी कॅडी होते, दुसऱ्यांच्या काठ्या खांद्यावर वाहायचे. जोन्सचं नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

जोन्स जन्मला 1902 साली, अमेरिकेत अटलांटाला. पोरगा तब्येतीने नाजूक. ईस्ट लेकच्या मैदानाजवळ राहायला गेल्यावर तो तिथल्या स्टुअर्ट मेडन नावाच्या स्कॉटिश प्रशिक्षकाच्या मागे मागे फिरायचा आणि त्याची नक्कल करायचा. शिकवणी अशी नव्हतीच. चौदाव्या वर्षी तो राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. हात सोन्याचे, पण डोकं? फटका चुकला की काठी हवेत भिरकावायची, हे ठरलेलं!

1921 साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ब्रिटिश ओपन खेळायला गेला. पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत वारा सुटला. पहिल्या नऊ होलना 46 फटके लागले, दहाव्यालाही जास्त गेले, आणि अकराव्याला चेंडू वाळूच्या खोल बंकरमध्ये पडला. एक फटका, दुसरा, तिसरा... चेंडू काही बाहेर येईना. जोन्सने कार्डावर पाणी सोडलं. पुढे तो मैदानावर खेळत राहिला, चौथी फेरीसुद्धा खेळला, पण तिसऱ्या फेरीचं कार्ड दिलंच नाही, त्यामुळे त्याचं काहीच धरलं गेलं नाही.

गोल्फ न खेळणाऱ्यांना वाटेल, त्यात एवढं काय? हरणारच होता, सोडलं. पण या खेळात अशा फेरीचं तुमचं कार्ड तुमच्याबरोबरचा खेळाडू लिहितो आणि तुम्ही त्याचं. तुम्ही मधूनच निघून गेलात तर त्याची फेरी लटकते. शिवाय क्लबात कोण कितपत खेळतो हे ज्या हँडिकॅपवरून ठरतं, तो जमा झालेल्या कार्डांवरून निघतो. वाईट दिवसाची कार्डं गायब केली की माणूस आहे त्यापेक्षा भारी दिसतो. काही बिलंदर उलटं करतात: चांगली फेरी अर्धवट सोडून हँडिकॅप फुगवतात आणि बक्षिसाच्या दिवशी वसूल करतात. म्हणून आजही क्लबाची समिती आधी कारण विचारते. आजारी पडला, अंधार झाला, घरून निरोप आला, तर प्रश्न नाही. नुसताच वैतागून गेला असेल तर त्याच्या नावावर दंडाचा स्कोअर चढवता येतो, आणि तोच तोच माणूस पुन्हा करू लागला की स्पर्धा बंद. मला ही पद्धत पटते, कारण तिची सुरुवात प्रश्नाने होते.

जोन्सवर बंदी आली नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेत त्याने फेकलेली काठी उसळून एका बाईच्या पायाला लागली, तेव्हा तिथल्या गोल्फ संघटनेच्या जॉर्ज वॉकर यांनी त्याला पत्र लिहिलं. रागाला आवर घातला नाहीस तर आमच्या स्पर्धांत पुन्हा खेळता येणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. दार उघडं होतं, पण अट घालून.

पुढचं सगळे जाणतात, म्हणून भरभर सांगते. 1923 साली तो यूएस ओपन जिंकला. 1930 साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून निवृत्त झाला. खेळाडू म्हणून शेवटपर्यंत हौशीच राहिला. मधल्या काळात इंजिनिअरिंग केलं, हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकला (आमच्या विभागाने याची नोंद घ्यावी), आणि वकील झाला.

मला मात्र 1925 चं वूस्टर जास्त आवडतं. यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत, पुन्हा अकराव्याच होलला, गवतातला त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने स्वतःच्या नावावर एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि जादा फेऱ्यांत तो विली मॅकफार्लेनकडून एकाच फटक्याने हरला. लोक कौतुक करू लागले तर त्याला ते आवडेना. चार वर्षांपूर्वी कार्ड न देणारा हाच मुलगा!

आणि सेंट अँड्र्यूज? 1927 साली तिथेच तो ओपन जिंकला आणि चषक इथेच राहू दे म्हणाला. पुढे मणक्याच्या आजाराने चालणं गेलं. 1958 साली त्या गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं, तेव्हा तो कुबड्यांवर होता. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिलाच अमेरिकन. सभागृह सोडताना लोक त्याच्यासाठी निरोपाचं जुनं स्कॉटिश गाणं म्हणत होते. 1971 च्या डिसेंबरात तो गेला. आज तिथल्या दहाव्या होलला त्याचं नाव आहे, त्या बंकरच्या अगदी एक होल आधी.

त्या मुलाला मी काल कँटीनमध्ये गाठलं आणि का गेलास म्हणून विचारलं. आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं म्हणाला. मग सांगितलं. ते इथे लिहीत नाही, बैठकीत तो स्वतःच सांगणार आहे. मी त्याच्या नावे पत्राचा मसुदा करून ठेवलाय, वॉकर यांच्या पत्राइतका कडक नाही. पण परीक्षकांची आणि त्याच्यानंतर बोलायला उभ्या राहिलेल्या मुलीची माफी मागावी, ही अट ठेवलीय.